पिंजऱ्याने खेकडा अडवला की पाणी?

समुद्रतळाच्या वाळूत किडे-शिंपल्या किती, आणि खेकडे-मासे त्यातले खातात किती, हे बघायला तळावर जाळीचा पिंजरा लावतात. शिकारी बाहेर, भक्ष्य आत. हे सगळ्यांना माहितीये, पुढे चला. शिकाऱ्याला मुद्दाम आत कोंडतात तो पिंजरा वेगळा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खरा घोळ पुढे आहे. पिंजऱ्यात जीव जास्त, शेजारच्या उघड्या तळावर कमी, म्हणजे फरक खेकड्यांनी केला असं लोक बिनधास्त लिहितात. अहो, जाळी फक्त खेकडा अडवत नाही, पाणीसुद्धा अडवते! प्रवाह मंदावला की बारीक गाळ आत बसतो, गाळाबरोबर खाणं येतं, पाण्यात तरंगणारी पिल्लंही तिथंच खाली बसतात, आणि काही आठवड्यांत जाळीवर शेवाळ चढलं की अजूनच मंदावतो. त्या भागात शिकारी एकही नसला तरी आत गर्दी वाढू शकते.

म्हणून अर्धा पिंजरा लावायचा, जाळी तीच पण बाजू उघड्या. काहीजण त्याला कंट्रोल (तुलनेसाठी लावलेला पिंजरा) न म्हणता 'फुटका पिंजरा' म्हणतात ना, डोकं फिरतं माझं. त्यातले आकडे उघड्या तळासारखे आले तर ठीक, शिकारीचा मुद्दा टिकला. पूर्ण पिंजऱ्यासारखे आले तर जाळीवरच संशय. पण गोची बघा, उघड्या बाजूंमुळे पाणी पूर्ण पिंजऱ्याइतकं मंदावत नाही, आणि वर आयता आडोसा मिळाला म्हणून खेकडे उलट तिथंच येऊन बसतात. मग आकडे उघड्या तळासारखे आले तरी जाळी निर्दोष ठरत नाही. त्यामुळे मी तर म्हणेन, आतला गाळ मोजलाच नसेल तर तो निकाल बाजूला ठेवा.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात व्हर्नस्टाइन या संशोधकाने (पेपर १९७७चा) नुसते शिकारी बाहेर ठेवले नाहीत, निळे खेकडे आणि तळाशी चरणारे दोन जातींचे मासे पिंजऱ्यात कोंडूनही बघितले. खेकडे आणि स्पॉट मासा यांनी वाळूतले जीव बरेच कमी केले, हॉगचोकर या चपट्या माशाने फारसा फरक पडला नाही. जाळी तर तिन्हींना होती, म्हणजे हा फरक जाळीच्या माथी मारता येत नाही.

आणि जाळीची भोकं बारीक ठेवली की झालं, असंही नाही. नखाएवढं खेकड्याचं पिल्लू त्यातून आत शिरतं, खाऊन-पिऊन मोठं होतं, मग त्याला बाहेरच पडता येत नाही, आणि तुमच्या वहीत मात्र त्या पिंजऱ्यापुढे 'शिकारी नाही' असं लिहिलेलं असतं.