झोन १७ मधली हौशी मासेमारी (ओंटारियो, कॅनडा)

झोन १७ म्हणजे कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने मासेमारीसाठी पाडलेल्या २० विभागांपैकी एक. ही विभागणी २००८ पासूनची. टोरंटोच्या ईशान्येला हा झोन पसरलाय, पीटरबरो, लिंडसे, पोर्ट पेरी ही त्यातली गावं, कावार्था लेक्स नावाची तळ्यांची जी माळ आहे ती जवळजवळ सगळी ह्यात येते (बाल्सम, स्टर्जन, पिजन, बकहॉर्न, केमाँग, स्टोनी वगैरे), शिवाय राइस लेक, स्कुगॉग, आणि दक्षिणेकडे लेक ओंटारियोला जाऊन मिळणाऱ्या गनरास्कासारख्या लहान नद्या. खुद्द लेक ओंटारियो मात्र ह्यात नाही, तो झोन २०, आणि पश्चिमेला लागूनच असलेलं लेक सिमको झोन १६ मध्ये. एकाच रविवारी सकाळी सिमको आणि दुपारी स्कुगॉग असं केलं तर नियमांची पानं दोन वेगवेगळी बघावी लागतात, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी मंडळींना साधारण दीड-दोन तासांत गाठता येणारं हे पाणी. गावाकडे पऱ्ह्यावर किंवा खाडीत गरवायला जायची सवय असलेला माणूस इथे आला की पहिल्यांदा त्याला हे सगळं जरा अतीच वाटतं, मासा धरायला कार्ड कशाला आणि पट्टी कशाला. पण नियमांच्या तारखा माशांच्या अंडी घालायच्या वेळेशी जुळवून बघितल्या की बरंचसं कोडं सुटतं.

कायदा दोन ठिकाणचा आहे. माशांचं संरक्षण केंद्राच्या फिशरीज अॅक्टखाली आणि त्यातून निघालेल्या ओंटारियो फिशरी रेग्युलेशन्स, २००७ खाली, तर लायसन्सचा भाग प्रांताच्या १९९७ च्या फिश अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अॅक्टखाली. सामान्य माणसाला हे दोन्ही वाचायची गरज पडत नाही, प्रांताचं नैसर्गिक संसाधन खातं दरवर्षी नियमांचा सारांश काढतं, त्यात झोनवार तक्ते असतात. तक्त्याखाली "अपवाद" असा वेगळा भाग असतो तो लोक वाचत नाहीत, आणि खरी मेख तिथेच. उदाहरण द्यायचं तर स्कुगॉग. झोनभर वॉलाय (गोड्या पाण्यातला, खायला आवडीचा मासा) धरायला परवानगी असताना ह्या एका तळ्यात १ जानेवारी २०१६ पासून वॉलाय पूर्ण बंद, कारण तिथली संख्या फारच खाली गेली होती. झोनचा तक्ता पाहून जो गेला तो फसला.

कार्ड, लायसन्स आणि भारतातून आलेले आईबाबा

१८ ते ६४ वयाच्या माणसाला आधी आउटडोअर्स कार्ड लागतं, ते ३ वर्षं चालतं, आणि त्याच्यावर लायसन्स. फक्त एका दिवसाचं लायसन्स घेतलं तर कार्ड लागत नाही. लायसन्स दोन प्रकारचं, स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. स्पोर्टमध्ये जास्त मासे ठेवता येतात, कॉन्झर्व्हेशन स्वस्त पण मर्यादा कमी. वर्षाचे दर साधारण २६ आणि १५ डॉलरच्या आसपास राहिलेत, टॅक्स वेगळा. जो बहुतेक मासे सोडूनच देणार आहे त्याला दुसरं पुरतं, माझ्या मते नवशिक्याने तेच घ्यावं, पहिल्या वर्षी तसेही मर्यादा ओलांडण्याइतके मासे लागत नाहीत.

१८ च्या खालच्या आणि ६५ पासून पुढच्या लोकांना लायसन्स लागत नाही, वयाचा पुरावा जवळ असला की झालं. आता इथे आपल्याकडचे बरेचजण चुकतात. ही सूट कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. उन्हाळ्यात पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेले ७० वर्षांचे बाबा "सिनियर आहेत, त्यांना फ्री" म्हणून रॉड हातात घेऊन बसले तर ते चूक, त्यांना बाहेरच्या देशातल्या पाहुण्यांचं लायसन्स लागतं. पाहुण्यांबरोबर आलेली १८ च्या खालची मुलं मात्र लायसन्सवाल्या माणसासोबत गळ टाकू शकतात, फक्त त्यांनी धरलेला मासा त्या मोठ्या माणसाच्या हिशोबात मोजला जातो.

वर्षात काही दिवस लायसन्सशिवायही मासेमारी करता येते, फेब्रुवारीतला फॅमिली डेचा वीकेंड, मदर्स डे आणि फादर्स डेचे वीकेंड, आणि जुलैतला एक आठवडा. तेव्हाही मर्यादा कॉन्झर्व्हेशनच्याच, आणि ही सवलतसुद्धा इथल्या रहिवाशांनाच.

शनिवारांचं कॅलेंडर

झोनमधले सीझन तारखेपेक्षा शनिवारांवर चालतात. ट्राउट एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो, वॉलाय मेच्या दुसऱ्या शनिवारी, मस्की (मस्कलंज, लांबलचक शिकारी मासा) जूनच्या पहिल्या आणि बास जूनच्या तिसऱ्या शनिवारी. हा क्रम कुणी मनाने लावलेला नाही. बर्फ वितळला की एप्रिलमध्ये, पाणी ६ ते ९ अंशांवर आलं की वॉलाय वाहत्या पाण्यातल्या दगडगोट्यांवर अंडी घालायला चढतो, धरणांच्या आणि लॉकच्या (बोटी वर-खाली न्यायला कालव्यात बांधलेल्या दरवाजांच्या) खालच्या अंगाला थव्याने जमतो. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याला येतात, लोक रात्री बत्त्या घेऊन जातात आणि गाभोळीने भरलेल्या माद्या टोपलीत भरून आणतात, अगदी तीच अवस्था, फरक एवढाच की इथे त्याच आठवड्यांत त्या माशाला हात लावायचा नाही. अशा काही जागा त्या काळात अभयक्षेत्र म्हणून जाहीर होतात, तिथे दुसऱ्या कुठल्या माशासाठीही दोरी टाकता येत नाही.

बासची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा नर मे-जूनमध्ये उथळ पाण्यात खळगा करून अंड्यांची राखण करतो, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, म्हणून तेव्हा तो गळालाही सहज लागतो. पाच मिनिटं जरी त्याला बाहेर काढलं तरी तेवढ्यात सनफिश आणि पर्च अंडी फस्त करतात. म्हणून "मी तर पकडून सोडतोच आहे" हे कारण इथे चालत नाही, बंद सीझनमधल्या माशामागे मुद्दाम लागणं, सोडायच्या इराद्याने असलं तरी, बेकायदाच. चुकून लागला तर लगेच सोडायचा, जिवंत असो नसो.

वॉलायचा सीझन १५ नोव्हेंबरला संपतो, म्हणजे बर्फावर बसून वॉलाय धरायची सोय ह्या झोनमध्ये नाही, त्यासाठी लोक दुसरीकडे जातात. मस्की १५ डिसेंबरपर्यंत.

किती आणि केवढा

वॉलायला (जुने लोक त्याला पिकरेल म्हणतात, दुकानातही त्याच नावाने मिळतो) लांबीची खिडकी आहे, ३५ ते ५० सेंटिमीटरच्या मधलाच ठेवायचा, स्पोर्ट लायसन्सवर ४. पस्तीसच्या खालच्याने बहुधा अजून एकदाही अंडी घातलेली नसतात, आणि पन्नासच्या वरच्या बहुतेक थोराड माद्या, ज्यांच्या पोटात सगळ्यात जास्त अंडी. म्हणजे सगळ्यात मोठा मासा सोडून द्यायचा आणि मधला घरी न्यायचा, हे आपल्या मनाला पटायला वेळ लागतो, फोटो काढावा आणि सोडावा.

मस्कीचं गणित त्याच्या उलट, ११२ सेंटिमीटरच्या वरचा एकच, तोही स्पोर्टवर, कॉन्झर्व्हेशनवर शून्य. व्यवहारात मस्कीवाले जवळजवळ सगळे सोडूनच देतात. बास ६ किंवा २, क्रॅपी ३० किंवा १०, पर्च ५० किंवा २५, पहिला आकडा स्पोर्टचा आणि दुसरा कॉन्झर्व्हेशनचा. कार्पला मर्यादा नाही, तो बाहेरून आणलेला मासा, त्याच्याबद्दल इथे कुणाला माया नाही, रोहू-कटल्यावर वाढलेल्या माणसाला मात्र तो बरा वाटतो, काटे सोडले तर. आणि ईल, आपल्या वामसारखा दिसणारा, एकेकाळी ट्रेंट नदीत भरपूर होता, आता वर्षभर बंद.

लांबी मोजायची ती तोंड मिटवून, शेपटीची दोन्ही टोकं एकमेकांजवळ दाबून, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. आणि पट्टीवर ठेवून, वितीने नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. मर्यादा फक्त त्या दिवशी धरलेल्या माशांची नसते, बाळगण्याचीही असते, आणि बहुतेक माशांसाठी ती एका दिवसाच्या मर्यादेएवढीच. बाळगणे ह्यात बोटीतले, गाडीतल्या कूलरमधले आणि घरच्या फ्रीजरमधले सगळे आले. शनिवारी ४ वॉलाय आणून फ्रीजरमध्ये टाकले तर रविवारी एकही ठेवता येत नाही, आधीचे खाऊन संपवा किंवा वाटून टाका, ज्याला दिले त्याच्या हिशोबात ते जातात. आपल्याकडे मासे लागले की साफ करून, हळद-मीठ लावून महिनाभराचे डबे भरायची पद्धत, ती इथे सरळ गुन्हा होऊ शकते. साफ करण्यावरही नियम आहे, वाटेत तपासलं तर कुठला मासा आणि किती हे कळलं पाहिजे, म्हणून फिले (काट्यांवेगळे मांसाचे तुकडे) काढले तरी त्वचेचा तुकडा ठेवतात, आणि जिथे लांबीची अट आहे तिथे मासा अख्खाच न्यावा हे उत्तम. धरलेला मासा विकायचा तर अजिबात नाही, मित्राला पैसे घेऊन देणं हीसुद्धा विक्रीच. खाण्याजोगा मासा सडू देणं हाही गुन्हा.

गळ, आमिष, बर्फ

मोकळ्या पाण्यात साधारणपणे माणशी एक दोरी, दोरीला जास्तीत जास्त ४ गळ, एका दांड्याचा तीन टोकांचा गळ एकच धरतात. माशाला तोंडाऐवजी पाठीत-पोटात अडकवून ओढणं बेकायदा, शरद ऋतूत गनरास्कात सॅमन चढतात तेव्हा ह्याचा मोह होतो म्हणे. फिशवेच्या, म्हणजे माशांसाठी बांधलेल्या जिन्याच्या, खालच्या तोंडापासून २२.९ मीटरच्या आत काहीच टाकायचं नाही. हा विचित्र आकडा म्हणजे जुने ७५ फूट. ट्रेंट-सेव्हर्न हा ३८६ किलोमीटरचा जलमार्ग ह्याच झोनमधून जातो, तो केंद्राच्या पार्क्स कॅनडाकडे, त्यामुळे लॉकजवळ आणि त्यांच्या पुलांवर त्यांचे वेगळे नियम, तिथला बोर्ड वाचावा.

जिवंत आमिषमासे १२० पर्यंत ठेवता येतात पण एका आमिष-विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत, हे २०२२ पासून कडक झालंय, आणि उरलेले पाण्यात ओतणं कायम बंद. बाहेरचे जीव तळ्यात शिरू नयेत म्हणून हे. कावार्थात झेब्रा शिंपले १९९० च्या दशकात पसरले, पाणी फार स्वच्छ झालं, ऐकायला छान वाटतं पण वॉलायला अंधुक पाणी आवडतं, त्यामुळे त्याचे दिवस फिरले त्यात ह्याचाही हात आहे. आणि एक, मरळ. आपल्याकडे जिवंत मरळीला वेगळाच भाव, इथे तिच्या सगळ्या जातकुळीला प्रांतात जिवंत आणणं किंवा बाळगणं बंद. गोल्डफिशही आमिष म्हणून नाही. गांडूळ चालतं, आणि खरं सांगायचं तर पर्चला त्याहून काही लागतही नाही.

हिवाळ्यात बर्फावर झोपडी टाकणाऱ्याने तिची नोंदणी करायची, नंबर निदान ६.३ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत बाहेर लिहायचा, आणि झोन १७ मध्ये १ मार्चपर्यंत ती उचलायची, उत्तरेकडच्या झोनमध्ये ही मुदत जास्त असते.

ज्यांना हे नियम तसेच लागू नाहीत

ह्या तळ्यांवर मुळचे मिसिसागा ओजिब्वे लोक, कर्व्ह लेक, हायवाथा, ऑल्डरव्हिल, स्कुगॉग आयलंड ही त्यांची आजची वस्तीस्थानं. राइस लेकला नाव मिळालं ते त्यांच्या पाण्यातल्या रानभातावरून, मनोमिन म्हणतात त्याला. १८१८ च्या करारात (ट्रीटी २०) त्यांच्या जमिनी गेल्या, पण शिकार-मासेमारीचा हक्क तोंडी राखला गेला होता. १९२३ च्या विल्यम्स करारांचा अर्थ सरकारने पुढे असा लावला की तो हक्कही संपला. पुढे त्यांच्यातल्या दोघांवर बंद काळात बुलफ्रॉग (मोठे बेडूक) धरल्याचा खटला झाला, त्यात १९८१ साली ओंटारियोच्या अपील कोर्टाने १८१८ च्या बैठकीचा वृत्तांत वाचून त्यांच्या बाजूने निकाल दिला. वाद तरीही मिटला नाही, २०१८ च्या समझोत्यात १.११ अब्ज डॉलर भरपाई ठरली आणि करारक्षेत्रातले हक्क मान्य झाले. त्यामुळे एप्रिलमध्ये कुणी आदिवासी माणूस वॉलाय धरताना दिसला तर "मग आम्हाला का नाही" असा प्रश्न काठावर हमखास निघतो, त्याचं उत्तर ह्या करारात आहे. त्याचं लायसन्स किंवा सीझन तपासायला जाणं हे आपलं काम नाही, त्यासाठी कॉन्झर्व्हेशन ऑफिसर (हे नियम तपासणारे सरकारी अधिकारी) असतात, आणि ते आपला कूलर उघडायला सांगू शकतात.