स्पिटफायरचे सातशे मीटर लांबचे डोळे

सॅटेलाइटवरून म्हणे गाडीची नंबरप्लेट वाचता येते, असा मेसेज परत फिरतोय. अरे, प्लेट उभी असते, वरून बघणाऱ्याला ती दिसेल कशी एवढा तरी विचार करा! पण विषय निघालाच आहे तर वरून काढलेल्या फोटोतला खरा भारी प्रकार सांगतो, उंची मोजणं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची 542 स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) त्यासाठीचे फोटो काढायची. सुरुवात 1939 मधली, सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन अवलियाने स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या बंदुका काढून कॅमेरे बसवले, बॉडी घासूनपुसून गुळगुळीत केली, बचाव काय तर वेग आणि उंची, बस. त्याचं युनिट पुढे एवढं वाढलं की ऑक्टोबर 1942 मध्ये त्याच्या 540 ते 544 अशा पाच स्क्वाड्रन कराव्या लागल्या. 542 कडे स्पिटफायर आली, तळ इंग्लंडमधल्या बेन्सनचा.

आता गंमत बघा. एफ 52 कॅमेऱ्याला 36 इंची म्हणजे 3 फुटी फोकल लांबीची लेन्स लावायचे, विमान 30,000 फुटांवर, म्हणजे 3 ला 30,000, स्केल झालं 1:10,000, फोटोतला 1 मिमी म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. फोटो 8.5 बाय 7 इंच. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण 60 टक्के भाग परत यायचा. फिल्म वाया घालवत नव्हते, त्यातच सगळी मेख आहे! 7 इंची बाजू उड्डाणाच्या दिशेने धरली तर दोन फोटोंच्या मधे विमान 2.8 इंच गुणिले 10,000 म्हणजे जवळपास 710 मीटर पुढे सरकतं. बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटला की बोट उडी मारतं आणि मागची भिंत कमी हलते, त्यालाच पॅरलॅक्स म्हणतात. इथे दोन डोळे 710 मीटर लांब! दोन्ही फोटो स्टिरिओस्कोपखाली (प्रत्येक डोळ्याला वेगळा फोटो दाखवणारं भिंगांचं साधन) ठेवले की इमारती, धुराडी कागदातून वर उठतात.

आणि मोजायचं तर दोन फोटोंत वस्तूचा माथा तिच्या पायापेक्षा किती जास्त सरकला ते बघायचं: सरकणं = वस्तूची उंची × फोटोवरचा बेस (म्हणजे विमान सरकलं ते अंतर, फोटोच्या मापात) ÷ विमानाची उंची (वस्तू बुटकी असेल तर एवढं चालतं). बेस 71 मिमी, विमान 9,144 मीटरवर, रॉकेट 14 मीटरचं उभं, उत्तर येतं 0.11 मिमी. केसाच्या जाडीएवढं! हे इंग्लंडमधल्या मेडमेनहॅमच्या बंगल्यात, फोटो तपासायच्या केंद्रात बसलेली माणसं मोजायची, अवघड कामाला वाइल्ड कंपनीचं स्विस मशीन होतं.

अर्थात सगळ्यालाच मोजमाप लागत नाही. 17 मे 1943 च्या सकाळी 542 चा पायलट जेरी फ्रे, ब्रिटिश विमानांनी आदल्या रात्री बॉम्बने फोडलेल्या जर्मनीतल्या मोह्ने धरणावर गेला तेव्हा फुटलेली भिंत आणि खाली पसरलेलं पाणी डोळ्यांनीच दिसत होतं.

उलट केस 540 ची. 28 नोव्हेंबर 1943 ला त्यांचा पायलट मेरीफिल्ड याला बर्लिनवर ढग लागले म्हणून तो मॉस्किटो विमान घेऊन बाल्टिक किनाऱ्याकडे वळला आणि पेनेम्युंडे या जर्मन अस्त्रांच्या चाचणी केंद्राचेही फोटो काढून आला. त्यातल्या एका रॅम्पवर मेडमेनहॅमच्या फोटो तपासणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना बारीकसा क्रॉस दिसला, तोच व्ही-1, जर्मनांचा पायलटविना उडणारा बॉम्ब. फ्रान्समध्ये उभे राहत असलेले तसलेच रॅम्प कशासाठी आहेत हे त्यामुळे पक्कं झालं, आणि लंडनवर पहिला व्ही-1 पडायच्या कितीतरी महिने आधीच डिसेंबरात त्यांच्यावर बॉम्बिंग सुरू झालं.