पिग्मीवाला रोज का येतो

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात पुढच्या सोप्यात दोन माग होते आणि संध्याकाळी माग बंद व्हायच्या टायमाला एक पिग्मीवाले मामा, म्हणजे दारात येऊन रोजची थोडी-थोडी बचत गोळा करणारे, सायकलवरनं यायचे. बाबांचं रोजचं ठरलेलं, "आज काय नाही हो, उद्या बघू की." आणि मामांचं पण ठरलेलं, "उद्याचं उद्या बघू, आज दहा तरी घाला." मग दहा रुपये जायचेच, पावती फाडून व्हायची, मामा पुढच्या दारात. तेव्हा मला वाटायचं हा माणूस किती चिकट आहे. आता वाटतंय की त्या माणसाला आपल्या मेंदूची जेवढी माहिती होती तेवढी मला चाळीस वर्षात झाली नाही.

आपण पैशाचं काम पुढं ढकलतो ते आळशी असतो म्हणून, असं सगळे म्हणतात. खरं तसं नाही. फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की चालढकल हा टाईम मॅनेजमेंटचा नाही, मूडचा प्रॉब्लेम आहे. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडायचं म्हटलं की पोटात कसंतरी होतं, ते नको म्हणून आपण मोबाईल बाजूला ठेवतो आणि लगेच बरं वाटतं, हे "लगेच बरं वाटणं" हेच बक्षीस, मेंदू पुढच्या वेळी पण तेच मागतो. तिकडं कार्डवाले महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढवत बसलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला आज आणि उद्या यातलं अंतर फार मोठं दिसतं. आज पाचशे घेणार का उद्या साडेपाचशे असं विचारलं तर बरेच जण आजचे पाचशे उचलतात. तोच सौदा वर्षभर लांब नेला, म्हणजे एक वर्षानं पाचशे का एक वर्ष आणि एक दिवसानं साडेपाचशे, तर लोक म्हणतात एक दिवस थांबू की, त्यात काय. एक दिवस तोच, पन्नास रुपये पण तेच! डेव्हिड लेबसन या अर्थतज्ज्ञानं १९९७ मध्ये हे गणितात बसवून दाखवलं. २००४ मध्ये त्यानं आणि बाकीच्यांनी मेंदूचे स्कॅन काढले तर लगेच मिळणाऱ्या पैशाला मेंदूचे भावनेशी जोडलेले भाग जास्त पेटतात असं दिसलं, खरं २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी सांगितलं की एवढे सरळ दोन वेगळे मेंदू वगैरे काही नसतात. म्हणून "भावनेचा मेंदू विरुद्ध बुद्धीचा मेंदू" असले व्हिडिओ बघताना जरा दमानं घ्या. २१ दिवसात सवय लागते, हे पण तसलंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांच्या टीमनं मोजलं तर मधला आकडा ६६ दिवस आला, कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला.

दुकानात "आज रोख, उद्या उधार" पाटी असते ना, त्यातला उद्या कधी येतच नाही, दुकानदार त्यावरच धंदा करतो. कर्नाटकात खाली बेंगळुरूकडं लोक भूत घरात येऊ नये म्हणून दारावर "नाळे बा" लिहायचे, म्हणजे उद्या ये, भूत रोज यायचं आणि रोज परत जायचं. आपण आपल्याच बचतीला "नाळे बा" लिहून ठेवलंय, दुसरं काय.

पिग्मीची आयडिया उडुपीची. १९२५ मध्ये तिथं सिंडिकेट बँक निघाली, हातमागाचा धंदा बसल्यावर अडचणीत आलेल्या विणकरांना हात द्यायला, आणि १९२८ पासून बँकेची माणसं दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायला लागली. म्हणजे आमच्या सोप्यातल्या मागाचं आणि पिग्मीचं नातं जुनंच. पुढं २०२० मध्ये ती बँक कॅनरा बँकेत गेली, खरं पिग्मी हा शब्द आपल्याकडं क्रेडिट सोसायट्यांनी जिवंत ठेवला.

आणि हे खरंच चालतं का, तर फिलिपिन्समध्ये अश्रफ, कार्लन आणि यिन या तिघांनी तपासलं. एका ग्रामीण बँकेच्या १३७ लोकांना सांगितलं, आमचा माणूस दारात येऊन पैसे घेऊन जाईल. मजा बघा, ३८ जण हो म्हणाले आणि रोजच्या रोज नाही तरी नियमित वापरणारे फक्त २० निघाले. चालढकल थांबवायची सोय घ्यायला पण आपण चालढकल करतो! तरीसुद्धा ज्यांना ही सोय देऊ केली त्या सगळ्यांची मिळून बचत ज्यांना दिली नाही त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. त्यांचाच दुसरा प्रयोग, खात्यातले पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत किंवा ठरलेली रक्कम होईपर्यंत काढताच येणार नाहीत असलं खातं ७१० लोकांना दाखवलं, २०२ जणांनी स्वतःहून हात बांधून घेतले, आणि ज्यांना हे खातं दाखवलं होतं त्या गटाची शिल्लक वर्षभरात, ज्यांना दाखवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा, ८१ टक्के पॉइंटांनी जास्त वाढली.

आता उलटं बघा. यूपीआयनं खर्च करायचा त्रास संपवला, गणपत गल्लीत पाकीट न काढता चार ठिकाणी पैसे जातात आणि बचत मात्र अजून फॉर्म, लाईन, केवायसी. जिथं त्रास कमी तिकडं पैसा वाहणार. म्हणून पगार किंवा उसाचं बिल जमा झालं की त्याच दिवशी आरडीला, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम घालायच्या खात्याला, आपोआप जाईल असं ऑटो डेबिट एकदाच लावायचं. महिन्याला हजार ७ टक्क्यांनी ३० वर्षं घातले तर साधारण १२ लाख होतात, दहा वर्षं उशिरा सुरू केले तर ५ लाख २० हजाराच्या आसपास. घालायचे फक्त १ लाख २० हजार कमी झाले आणि हातातून गेले सात लाख.

एक मात्र सांगतो, पिग्मीवर व्याज कमीच असतं आणि मुदतीआधी काढलं तर कापतात. बँकेत, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, सोसायटी आणि पतसंस्थेला तो नाही. म्हणून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी पिग्मी ठेवलीय ती थोडीच, जमली की वर्षाला काढून बँकेत टाकतो. भिशी पण आहे, ती बायकोच्या हातात, तिथं माझं चालत नाही.

हल्लीचा पिग्मीवाला पोरगा गाडीवरनं येतो, हातात छोटं मशीन. परवा मी खानापूरला गेलो होतो, दुकानात काम करणारा पोरगा एकटाच होता. संध्याकाळी परत आल्यावर गल्ल्यावर पावती, शंभर रुपये. मी म्हटलं, अरे मला विचारलं नाहीस? तर म्हणतो, "दादा, तुम्ही असता तर उद्या ये म्हणाला असता की."