क्रोमच्या पाण्यावर कोळंबीच्या टरफलांचा उतारा

साकीनाक्याच्या एखाद्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, गाळ्यात क्रोमची टाकी ओळखायला पाटी लागत नाही. आत गर्द तांबूस-नारिंगी द्रव असतो. त्यातून काढलेली नळाची तोटी शेजारच्या टाकीत बुडवली की तिथलं पाणी लगेच पिवळं पडतं. हा पिवळेपणा षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. त्याने कातडीवर व्रण पडतात आणि त्याचा फवारा वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. प्लेटिंग कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त असू नये, असा नियम आहे.

मैल्यातली बरीच घाण जिवाणू खाऊन टाकतात, पण धातू कुणालाच पचत नाही. नाल्यातून मिठी नदीत आणि नदीतून माहीमच्या खाडीत पोचलेलं निकेल, जस्त, क्रोमियम गाळात साचतं आणि तिथून शिंपल्यांच्या अंगात शिरतं.

यावरचा रूढ उपाय भरवशाचा आहे. पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं की पिवळा रंग उतरून हिरवट छटा येते. म्हणजे क्रोमियम त्रिसंयुजी झालं, पुष्कळ कमी घातक. मग चुना टाकायचा. सामू ८-९ वर गेला की करड्या-हिरव्या गुठळ्या तळाशी बसतात. हा गाळ मात्र धोकादायक कचरा. तो तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात पैसे मोजून पाठवावा लागतो आणि छोट्या गाळेवाल्याचं गणित इथेच कोलमडतं.

म्हणून पाण्यातला धातू धरून ठेवायला संशोधक भाताचं तूस, लाकडाचा भुसा, काथ्या असं काय काय वापरून पाहतात. मुंबईपुरतं बोलायचं तर मला सर्वांत आशा वाटते ती कोळंबीच्या टरफलांची. १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकवर बायका आजही सकाळी कोळंबी सोलत बसतात आणि टरफलांचे ढीग लागतात. ही टरफलं सौम्य आम्लात ठेवली की चुनखडी विरघळते, सौम्य अल्कलीत प्रथिनं निघतात आणि उरतं ते कायटिन. ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवलं की कायटोसान मिळतं. त्याच्या रेणूंवरचे नायट्रोजनयुक्त अमिनो गट तांबं, निकेल धरून ठेवतात. पाणी आम्लधर्मी असेल तर हेच गट धनभारित होतात आणि ऋणभारित क्रोमेटला, म्हणजे पाण्यातल्या षट्संयुजी क्रोमियमला, ओढून घेतात. अडचण एकच, कायटोसान स्वतःच आम्लात विरघळतं. म्हणून त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडून मणी करावे लागतात.

हे मणी धुऊन काही वेळा पुन्हा वापरता येतात, पण शेवटी तेही तळोज्यालाच जाणार. शिवाय मणी धुतलेल्या पाण्यात धातू असतोच. हा खर्च न धरता धातू असा धरून ठेवणाऱ्या एखाद्या पदार्थाला, म्हणजे अधिशोषकाला, स्वस्त म्हणणं मला पटत नाही.

खरी बचत टाकीपाशीच होते. तोटी टाकीवर थोडा वेळ धरून निथळू द्यायची. पुढे धुण्याच्या तीन टाक्या ओळीने ठेवून ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं, ते भरून मागच्या टाकीत उतरतं. अशाने पाणी कितीतरी कमी लागतं. क्रोमची टाकी गरम असते, तिच्यातलं पाणी सतत उडत राहतं. ती तूट धुण्याच्या पहिल्या टाकीतल्या पिवळ्या पाण्याने भरून काढता येते.