फझी लॉजिक आणि उमेदवाराची निवड (बेळगाव सीमाभाग)

उमेदवारावर ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा एकच शिक्का न मारता, तो कोणत्या बाबतीत किती पटतो हे ० ते १ या मापात मांडून मतदाराला निर्णयासाठी मदत करण्याची गणिती रीत. तिचा पाया गणितज्ञ लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या धूसर (इंग्रजीत ‘फझी’) संचांच्या कल्पनेत आहे. साध्या संचात वस्तू आत असते नाहीतर बाहेर; धूसर संचात ती ०.७ इतकी आत असू शकते. हा आकडा म्हणजे शक्यता नव्हे. उमेदवार निवडून येण्याची शक्यता ७० टक्के असणे वेगळे आणि ‘लोकांत मिसळणारा’ या वर्णनात तो ०.७ इतका बसणे वेगळे. निवडणुकीच्या गप्पांत या दोहोंची हमखास गल्लत होते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. इथल्या बोलीत ‘खरं’ हा शब्द ‘पण’ या अर्थाने येतो: ‘माणूस बरा हाय, खरं सीमाप्रश्नावर गप्प बसतोय.’ यातले ‘बरा’ हो-नाहीच्या रकान्यात मावत नाही आणि ‘खरं’ तर मुळीच नाही. झादेह यांनी पुढे मांडलेली ‘भाषिक चले’ अशाच शब्दांना आकड्यांत धरण्यासाठी आहेत.

नमुना म्हणून तीन निकष घेऊ: सीमाप्रश्न, गावचे पाणी, आणि कामासाठी गाठ पडणे. ‘क’ उमेदवाराला मतदाराने अनुक्रमे ०.९, ०.३, ०.५ दिले, ‘ख’ला ०.४, ०.७, ०.६. दोघांची सरासरी सारखीच, सुमारे ०.५७. सीमाप्रश्नाला दुप्पट वजन दिले तर क ०.६५ आणि ख ०.५३ वर येतो. बेलमन आणि झादेह यांनी १९७० मध्ये सुचवलेल्या नियमाने मात्र सर्वांत दुबळा गुण धरायचा. मग क ०.३, ख ०.४, आणि पारडे फिरते. सरासरीत एका बाबतीतली उणीव दुसरीने भरून निघते, या नियमात नाही. अस्मितेचे मत पाण्याची टंचाई झाकू शकते का, हा इथला जुना वादच या दोन सूत्रांत उतरतो. कोणते सूत्र घ्यायचे हे गणित सांगत नाही, आणि सूत्र आधीच ठरवून देणारा माणूस तटस्थ राहत नाही.

निकषालाही मर्यादा असते. २०१८ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीत दोन गट पडले आणि काही मतदारसंघांत दोन्हींचे उमेदवार समोरासमोर आले. सीमाप्रश्नावर दोघेही १ च्या जवळ. अशा वेळी त्या निकषाला कितीही वजन द्या, दोघांत फरक पडत नाही. समितीची एकही जागा आली नाही. त्याआधी १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी भरलेल्या त्या अर्जांच्या गर्दीत ‘सर्वांत चांगला कोण’ हा प्रश्नच गैरलागू होता. तिथे ही रीत निरुपयोगी.

युरोपात मतदाराला सल्ला देणारी साधने रुळलेली आहेत. स्वित्झर्लंडमधील ‘स्मार्टव्होट’वर उमेदवार स्वतः प्रश्नावली भरतात, तिथल्याच फ्रिबुर्ग विद्यापीठात धूसर गटवारीवर (एकच व्यक्ती अनेक गटांत कमी-अधिक बसू शकते अशा वर्गवारीवर) आधारलेल्या शिफारस-प्रणालीचे काम झाले. भारतात उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते, पण त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण येते. मराठीतून सरकारी कागदपत्रे मिळावीत की नाही, मराठी शाळांचे काय करणार, हे त्यात नसते. ते आकडे मतदारानेच सभा ऐकून, गावात विचारून भरायचे. आणि भरल्यावर सगळेच उमेदवार त्याने ठरवलेल्या किमान मापाखाली राहिले, तर २०१३ पासून यंत्रावर ‘नोटा’चे बटण आहे.