शून्यातून आठ गेले तर?

राउटर चालू केल्यावर इंटरनेट यायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटाच्या सुरुवातीला लिनक्स ही त्याची ऑपरेटिंग सिस्टीम जागीही झालेली नसते. मेमरी सज्ज करायची, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणायचा आणि त्याच्या हाती कारभार द्यायचा, हे काम बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमचं. अशा अनेक उपकरणांत तो ‘यू-बूट’ असतो.

कर्नल नेटवर्कवरूनही मागवता येतो. अशा उपकरणांच्या बोर्डसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे सर्रास तसंच करतात. दर बदलाला बोर्डवरची फ्लॅश मेमरी पुन्हा लिहीत कोण बसणार? म्हणून यू-बूटच्या पोटात ईथरनेट ड्रायव्हर, यूडीपी (पॅकेट पाठवायची साधी पद्धत), एनएफएस (नेटवर्कवरून फाइल आणायची पद्धत) असा छोटेखानी संसार आहे. २०१९ मध्ये सेमल कंपनीच्या संशोधकांना त्यात १३ त्रुटी सापडल्या.

त्यातली एक पाहू. यूडीपी पॅकेटच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, म्हणजे हेडर, ८ बाइटचा, आणि हेडर धरून पॅकेट किती लांब ते त्यातच लिहिलेलं. मजकूर किती हे काढायला यू-बूट त्या आकड्यातून ८ वजा करायचा. पण आकडा लिहिला पाठवणाऱ्याने. त्याने ० लिहिलं तर? उणे ८. आणि हे उत्तर गेलं अशा खणात, जिथे उणे चिन्हाला जागाच नाही. ३२ बिटांत तेच उणे ८ वाचलं जातं ४,२९,४९,६७,२८८! पुढे मेमकॉपी, म्हणजे मेमरीत एका जागेहून दुसरीकडे बाइट नेणारी आज्ञा, निमूटपणे तेवढे बाइट उचलायला निघते. जागा आहे का, हे विचारायचं काम तिचं नाही.

१३ पैकी ५ त्रुटी स्टॅकवरच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या कामाच्या मेमरीतल्या. तिथे आलेला मजकूर ठेवायच्या जागेच्या, म्हणजे बफरच्या, शेजारीच ‘परत कुठे जायचं’ तो पत्ता असतो. बफर उतू गेला की पत्ता हल्लेखोराचा. आणि कर्नलची सही तपासणाराही बूटलोडरच, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.

घाबरून राउटर उपटायची गरज नाही. नेटवर्कवरून बूट होणारं उपकरण हवं आणि हल्लेखोर त्याच नेटवर्कवर किंवा एनएफएस सर्व्हरवर हवा. मला जास्त रस शोधण्याच्या पद्धतीत वाटला: नेटवर्कवरून आलेला आकडा न तपासता मेमकॉपीपर्यंत कुठे पोचतो, एवढाच प्रश्न त्या संशोधकांनी कोडक्यूएल हे कोडमध्ये शोध घेणारं साधन वापरून सगळ्या कोडला विचारला.

यूडीपीची दुरुस्ती सोपी: लांबी ८ पेक्षा कमी असेल किंवा आलेल्या पॅकेटहून जास्त असेल तर पॅकेट फेकून द्या. पण ती घरातल्या डब्यात पोचवणार कोण? बूटलोडर अर्धा लिहून झाला असताना वीज गेली, तर डबा पुन्हा उठत नाही. म्हणून उत्पादक त्याला सहसा हात लावत नाहीत.