पुनर्वसन मानसशास्त्र : बेळगाव सीमाभाग

अपघात, आजार किंवा जन्मजात कारणाने आलेल्या अपंगत्वासह जगणारी व्यक्ती, तिचे कुटुंब आणि तिची परिस्थिती यांचा एकत्र विचार करणारी मानसशास्त्राची उपयोजित शाखा. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, बेळगाव, निपाणी या भागांत मराठीभाषक मोठ्या संख्येने आहेत. तेथे या शाखेपुढचा पहिला प्रश्न बुद्धिमापन चाचणीच्या भाषेचा आहे. म्हणून या नोंदीत चाचण्यांच्या इतिहासाला झुकते माप दिले आहे. संज्ञाही तिहेरीच : मराठी वर्तमानपत्रात ‘दिव्यांग’, कन्नड सरकारी कागदावर ‘विकलचेतन’, बोलण्यात अजून ‘अपंग’.

उगम : काही अभ्यासक या शाखेचा आरंभ पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात पाहतात. सैद्धांतिक बैठक मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या परंपरेतील तमारा डेंबो, रॉजर बार्कर व बिअट्रिस राइट यांनी घातली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत या विषयाचा स्वतंत्र विभाग (क्र. २२) १९५८ मध्ये झाला. वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असते, हे लेविन यांचे सूत्र येथे पायाभूत आहे. बाहेरून पाहणारा अपंगत्वाला शोकांतिका समजतो आणि त्या व्यक्तीनेही शोक करावा अशी अपेक्षा धरतो, असे डेंबो व राइट यांच्या मांडणीत येते. पाय गमावलेल्या तरुणाला भेटायला आलेले पाहुणे डोळ्यांना पदर लावतात आणि तो मात्र विचारत असतो, ‘मोटरसायकल कधी चालवायला येईल?’ हे अंतर ओळखणे हेच या शाखेचे काम.

भारतात १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियमाने (अंमल २२ जून १९९३) पुनर्वसन व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाला व नोंदणीला कायद्याचा आधार मिळाला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ झाले.

बिने-कामत चाचणी : सीमाभागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दुवा हाच. बेळगाव, धारवाड, विजापूर व उत्तर कन्नड हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई प्रांतात (पुढे राज्यात) होते आणि त्या भागाला ‘मुंबई-कर्नाटक’ म्हणत. मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणीचे याच परिसरातील मुलांसाठी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत रूपांतर केले. रूपांतराचे वर्ष सामान्यतः १९३४ दिले जाते. ते मान्य केल्यास आधार स्टॅनफर्ड-बिनेचे कर्ते टर्मन यांची १९१६ ची आवृत्ती ठरतो, कारण पुढची सुधारित आवृत्ती १९३७ ची आहे. आज बहुधा उद्धृत होते ती कामत यांच्या ग्रंथाची १९६७ ची आवृत्ती.

लहान वयोगटांत दर वर्षासाठी सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दोन महिन्यांचे मानसिक वय, अशी तिची रचना आहे. बुद्ध्यांक म्हणजे मानसिक वय भागिले खरे वय, गुणिले १००. म्हणून आठ वर्षांच्या मुलाचा एक प्रश्न चुकला तर बुद्ध्यांक सुमारे २ ने घसरतो आणि बौद्धिक अपंगत्व ठरवणाऱ्या ७० च्या सीमारेषेवर तेवढेही पुरते. ऐकलेले अंक परत म्हणण्याचा प्रश्नच घ्या. मराठीत ‘तीन, आठ, पाच’ हे एकेका अक्षरोच्चाराचे शब्द. सहा आणि नऊ एवढेच दोनाचे. कन्नडमध्ये ‘मूरु, एंटु, ऐदु’ दोन-दोन अक्षरांचे, ‘एरडु’ आणि ‘ओंबत्तु’ तर तीन. शब्द लांबले की तात्कालिक स्मृतीत कमी शब्द मावतात, हे प्रयोगसिद्ध आहे. घरी मराठी बोलणाऱ्या खानापूरच्या मुलाला हाच प्रश्न कन्नडमध्ये विचारला, तर अपरिचित भाषा आणि लांब शब्द असा दुहेरी भार त्याच्यावर पडतो. शिवाय ‘काय करालास?’ हा रोजचा प्रश्न ऐकून वाढलेल्या मुलाला पुस्तकी मराठीही परकीच वाटू शकते. दोन्ही भाषांसाठी चाचणी रचणारी ही भूमी आहे. मुलाला त्याच्या बोलीत प्रश्न विचारला जाणे हा त्याचा हक्कच मानला पाहिजे. केवळ बुद्ध्यांकावर न थांबता जेवण, कपडे, बाजारहाट यांतील सक्षमता पाहणारी सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी (भारतीय रूपांतर : मालिन, नागपूर) या दृष्टीने अधिक न्याय्य ठरते.

सेवा : कर्नाटकात तालुक्याला बहुउद्देशीय आणि ग्रामपंचायतीला ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमण्याची योजना आहे, हे कार्यकर्ते दिव्यांगांतूनच निवडले जातात. निपाणीपासून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. नसीमा हुरजूक यांची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था तेथे १९८४ पासून कार्यरत आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र २०१६ च्या कायद्याच्या कलम ५८ नुसार देशभर ग्राह्य असते; राज्याच्या योजनांचे लाभ मात्र ज्या त्या राज्याच्या नियमांनी मिळतात.